हातोडीने ठोकलेला जुना गट्टी बॉल लिलावातून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधी वस्तू काय ते सांगते. हा गोल्फचा बॉल आहे, पण आत्ताचा नाही, साधारण १८६० च्या आसपासचा, स्कॉटलंडमधे हाताने केलेला. गट्टा पर्चा नावाचा झाडाचा चीक असतो, त्याचा वळलेला घट्ट गोळा, वर पांढरा रंग जो आता पिवळट पडलाय आणि निम्मा उडालाय, जिथे उडालाय तिथे आतलं काळपट चॉकलेटी अंग दिसतं, आणि सगळीकडे हातोडीच्या धारेने मारलेल्या बारीक बारीक रेषा. लांबून बघितलं तर जायफळ वाटतं. एका बाजूला अगदी पुसट २७ आकडा आहे. कारागिराचं नाव नाही. मला सगळं मिळून ४६० पौंडांना पडला आणि आज आठ महिन्यांनी सांगते की पैसे वसूल झाले, पण तिथपर्यंत पोचायच्या आधी एक चुकीची खरेदी झाली होती, तीही सांगणार आहे कारण नवीन माणसाला जास्त उपयोग तिचाच होईल.

मी गोल्फ खेळत नाही. नोकरीसाठी स्कॉटलंडमधे डंडीला आले आणि एका रविवारी बसने सेंट अँड्र्यूजला गेले, पाऊस लागला म्हणून समोर दिसलं त्या म्युझियममधे शिरले. ते गोल्फचं म्युझियम, आर अँड ए वर्ल्ड गोल्फ म्युझियम, रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबच्या क्लबहाऊसच्या अगदी समोर, १९९० साली ब्रिटिश गोल्फ म्युझियम म्हणून सुरू झालेलं. तिथे काचेमागे मी पहिल्यांदा फेदरी, म्हणजे गट्टीच्या आधीचा गोल्फचा बॉल, बघितला आणि अर्धा तास तिथून हललेच नाही. चामड्याचा, टाके घातलेला, लहानसा, आणि आत नुसती पिसं. मला शिवणकाम येतं, माझी आजी गोधड्या शिवायची, त्यामुळे तो टाका बघून हाताला कळलं की हे किती कठीण काम असेल.

फेदरी करायचे कसे ते थोडं सांगते, कारण हे माहीत नसेल तर किमती बघून माणूस चक्रावतो. बैलाचं किंवा घोड्याचं चामडं तुरटीच्या पाण्यात भिजवून मऊ करायचं, त्याचे तुकडे कापून मेणाच्या दोऱ्याने शिवायचे, एक छोटं भोक ठेवायचं, आणि त्या भोकातून सगळं उलटं करायचं म्हणजे टाके आत जातात. मग उकळून ओली केलेली पिसं त्या भोकातून ठासायची. किती पिसं, तर एक उंच टॉप हॅट भरून, असं माप सांगायचे. ठासायच्या लोखंडी सळईला वर लाकडी आडवा दांडा असायचा, तो छातीला लावून अख्ख्या अंगाचा भार टाकायचा. भोक शिवून बॉल वाळायला ठेवला की ओली पिसं वाळता वाळता फुगतात आणि ओलं चामडं वाळता वाळता आकसतं, दोन्ही एकमेकांवर दाबतात आणि बॉल दगडासारखा टणक होतो. मग ठोकून गोल करायचा, पांढरा रंग द्यायचा. एक कसलेला माणूस दिवसाला तीन, फार तर चार करायचा. पिसांच्या धुळीने या लोकांची फुप्फुसं खराब व्हायची, छातीवर दाब देऊन देऊन वेगळंच.

सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्याच्याकडे १८४४ साली २,४५६ फेदरी झाले अशी नोंद आहे, आणि काम कुठे चालायचं तर घरच्या स्वयंपाकघरात, तो, टॉम मॉरिस आणि लँग विली असे तिघं. मी हिशोब करून बघितला, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला आठ बॉल, तिघांत मिळून. म्हणजे तोच तीनाच्या आसपासचा आकडा आला. मला या गोष्टीचं फार वाटलं, कारखाना नाही काही नाही, एक चूल, पिसांची उकळणारी हंडी आणि तीन माणसं.

आता इतक्या मेहनतीचा बॉल असल्यावर तो महाग असणारच, त्या काळी अडीच ते पाच शिलिंगला एक. आणि टिकायचा किती, तर पावसात भिजला की जड व्हायचा, टाके उसवायचे, लोखंडी क्लबचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, घाव नीट बसला नाही तर चामडं फाटायचं, एका राउंडमधे दोन तीन संपले तरी नवल नाही. पण उडायचा मात्र सुंदर, सेंट अँड्र्यूजच्याच मद्रास कॉलेजात फ्रेंच शिकवणारे सॅम्युएल मेस्यू यांनी १८३६ साली फेदरी ३६१ यार्ड मारल्याची नोंद आहे, जमीन गोठलेली होती आणि वारा पाठीशी होता हे खरं, तरीही. जे बॉल इतक्या लवकर मरायचे त्यातले फार थोडे मागे उरले, म्हणून आज बऱ्या अवस्थेतल्या, कारागिराचा शिक्का असलेल्या फेदरीला लिलावात हजारो पौंड पडतात. माझं बजेट पाचशे. म्हणून मी फेदरीचा नाद सोडला आणि गट्टीकडे वळले. आणि वळल्यावर कळलं की मला खरं तर गट्टीच हवा होता.

गट्टी हे नाव ऐकून आपल्याला दोस्तीच आठवते ना, मलाही आठवली. तिकडे गट्टा पर्चाचं लाडाचं रूप म्हणून गट्टी. मलायाकडच्या झाडांचा हा चीक, गरम पाण्यात टाकला की पिठासारखा मऊ होतो, हवा तो आकार द्या, गार झाला की कडक. तुमचं रूट कॅनल झालं असेल तर दातात भरलेला तो गुलाबी पदार्थ गट्टा पर्चाच, आजही. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर त्याचंच वेष्टण असायचं. गोल्फमधे तो कसा आला याची तिकडे एक कथा सांगतात, की १८४३ च्या सुमाराला सिंगापूरहून सेंट अँड्र्यूजला एक विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गट्टा पर्चाचे तुकडे भरलेले होते, आणि रॉबर्ट पॅटर्सन नावाच्या तरुणाने ते तुकडे जपून ठेवले आणि पुढे त्यांचाच बॉल वळून बघितला. कथेतलं किती खरं यावर वाद घालणारे घालतात, पण १८४८ पर्यंत गट्टी मैदानावर आला होता हे नक्की. मला मात्र ती मूर्ती सोडवत नाही. चार हात, शंख चक्र, आणि भोवती तो चीक, ज्याने चारशे वर्षांचा खेळ पुढच्या दहा वर्षांत बदलून टाकला.

कारण गट्टी एका शिलिंगला मिळायला लागला. पाण्यात भिजला तरी फरक नाही, आणि मार खाऊन वेडावाकडा झाला तर गरम पाण्यात टाकून परत वळता यायचा. रॉबर्टसनला हे अजिबात आवडलं नाही, साहजिक आहे, अख्खं आयुष्य पिसांत गेलेलं, असं म्हणतात की तो गट्टी विकत घेऊन जाळून टाकायचा आणि आपल्या माणसांना गट्टीने खेळू द्यायचा नाही. टॉम मॉरिसने एकदा खेळताना जवळचे बॉल संपले म्हणून बरोबरच्या माणसाचा गट्टी उसना घेतला, ते रॉबर्टसनच्या कानावर गेलं आणि दोघांचं बिनसलं. गट्टीमुळे कट्टी झाली. मॉरिसने स्वतःचं दुकान काढलं, १८५१ साली तो प्रेस्टविकला गेला, आणि त्याच प्रेस्टविकला १८६० मधे पहिली ओपन, म्हणजे गोल्फची ती नावाजलेली स्पर्धा, झाली, खेळाडू सगळे मिळून आठ. रॉबर्टसनही शेवटी गट्टी करायला लागलाच, आणि १८५८ मधे सेंट अँड्र्यूजला ७९ फटक्यांचा स्कोअर (गोल्फमधे जितके कमी तितकं चांगलं) त्याने गट्टीनेच केला, तिथे ऐंशीच्या आत येणारा तो पहिला. पुढच्याच वर्षी गेला. कथीड्रलच्या आवारात त्याची कबर आहे, मी दोनदा जाऊन आले.

आता हातोडी कुठून आली. सुरुवातीचे गट्टी अगदी गुळगुळीत होते आणि ते नीट उडायचे नाहीत, थोडं वर जाऊन पटकन खाली यायचे. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की तोच बॉल मार खाऊन ओरखडे पडले की सरळ आणि लांब जातो. अंग खडबडीत असलं की हवेचा पातळ थर त्याला जास्त वेळ धरून राहतो, मागचा भोवरा लहान होतो आणि मागची ओढ कमी होते, आजच्या बॉलवरचे डिंपल, म्हणजे बारीक खळगे, याचसाठी असतात, त्याचं पेटंट विल्यम टेलर यांनी १९०५ मधे मागितलं. पण १८५० च्या त्या कारागिरांना हे शास्त्र कोणी शिकवलेलं नव्हतं, त्यांनी नुसतं बघितलं की जखमी बॉल बरा उडतो, मग आपणच आधी जखमा करून विकू. लाकडाच्या खळग्यात बॉल बसवायचा आणि धारेच्या हातोडीने एकेक रेष मारत फिरवायचा. पुढे १८७०-८० च्या दशकांत साच्यातच रेषा कोरलेल्या यायला लागल्या आणि हे हातकाम संपलं. म्हणजे हातोडीवाले गट्टी जेमतेम तीस वर्षं बनले. त्यानंतर रबराचा दोरा गुंडाळलेला हॅस्केल आला, १८९८ चा, १९०२ च्या ओपनला सँडी हर्ड तो घेऊन खेळला आणि जिंकला, मग गट्टीच संपला.

माझ्या बॉलवर एक जागा आहे, आकड्याच्या खाली अंगठ्याएवढी, तिथे रेषा एकमेकींवर चढल्यात. बाकी सगळीकडे अंतर बऱ्यापैकी सारखं आणि इथे दाटी. मी तासन् तास भिंगातून बघितलंय आणि माझं मत असं की इथे त्याने सुरुवात केली आणि फिरवत फिरवत परत इथेच आला, आणि जागा उरली नाही. शिवताना गोल कापडाच्या शेवटी चुणी जमते ना तसंच. हे साच्याच्या बॉलवर कधीच दिसणार नाही. साच्याच्या बॉलवर रेषा सगळीकडे सारख्या खोल असतात आणि नीट बघितलं तर दोन अर्ध्यांच्या जोडाची कड सापडते. हातोडीच्या रेषा कुठे खोल कुठे वरवर, काही मधेच सुटलेल्या. मी पैसे दिले ते या जागेचे, असं मला वाटतं.

आता ती चुकीची खरेदी. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून, नाव लिहीत नाही, मी एक गट्टी घेतला होता, पांढराशुभ्र, चकचकीत, चिठ्ठीवर लिहिलेलं ओरिजिनल पेंट. मालकही तसंच म्हणाले. मी खुश, की बघा इतका जुना आणि किती स्वच्छ. घरी आणून महिनाभर शेल्फवर ठेवला, मग एका संध्याकाळी दिव्याच्या तिरप्या उजेडात बघितलं तर क्लबच्या घावांच्या खाचा रंगाच्या खाली होत्या, वर नाही. म्हणजे बॉल आधी खेळला गेला, मार खाल्ला, आणि रंग त्यानंतर कोणीतरी दिला. आणि रंग रेषांच्या तळाशी साचलेला, जाड. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नंतर रंग दिला म्हणजे लगेच खोटा असं नाही, त्या काळी मैदानावरचे प्रो जुने बॉल पुन्हा रंगवून विकायचे, आणि तो रंगही आता दीडशे वर्षांचा आहे, त्यालाही किंमत आहे. पण मग मी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, टॉर्च मारला आणि अर्धा बॉल निळा पेटला. त्या काळच्या रंगाने असं होणं शक्य नाही, आजकालच्या रंगात आणि चिकटवायच्या पदार्थात उजळपणासाठी घातलेली रसायनं असतात ती असं चमकतात. एक फुटलेला कोपरा भरून, घासून, वर रंग मारून दिलेला होता. परत करायला गेले तर म्हणे महिना झाला, आता नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पैशाचं वाटलंच पण त्याहून जास्त या गोष्टीचं, की कोणीतरी त्या बॉलवरच्या सगळ्या खऱ्या खुणा पुसून टाकल्या आणि त्या आता कधीच परत येणार नाहीत.

म्हणून यावेळी लिलाव. जुन्या खेळांच्या वस्तूंचा स्पेशल लिलाव, ऑनलाइन बोली. इथली सर्व्हिस मला खरंच आवडली. कॅटलॉगमधे दोनच फोटो होते, मी ईमेल करून सहा बाजूंचे फोटो, तिरप्या उजेडातला एक, यूव्हीखालचा एक आणि वजन मागितलं, दुसऱ्या दिवशी सगळं आलं, वर कंडिशन रिपोर्टमधे त्यांनीच लिहिलं होतं की रंग साधारण निम्मा गेलाय, एक जुनी बारीक चीर आहे, दुरुस्ती दिसत नाही. चीर आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला. न विचारता दोष सांगणारा विक्रेता सापडला की त्याला धरून ठेवावं.

पैशाचा हिशोब मात्र आधी करून बसा, कारण बोलीचा आकडा म्हणजे बिलाचा आकडा नाही. मला हातोडा पडला, म्हणजे बोली संपली, ३४० पौंडांवर. त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम, ही लिलाववाल्यांची फी, म्हणजे ८५, त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट म्हणजे १७, झाले ४४२, आणि विम्यासकट पोस्टेज १८. एकूण ४६०. मी कागदावर उलटा हिशोब मांडून ठेवला होता की माझी शेवटची बोली ३५०, त्यापुढे बटणाला हात लावायचा नाही. समोरच्याने ३२० ला सोडलं असतं तर माझे बरेच वाचले असते, पण ते आपल्या हातात नसतं. आणि अजून एक, दुकानातून ऑनलाइन घेतलं तर ब्रिटनमधे १४ दिवसांत परत करायचा हक्क असतो, तो जिथे प्रत्यक्ष हजर राहूनही बोली लावता येते अशा सार्वजनिक लिलावाला लागू होत नाही. म्हणून जे काय विचारायचं ते आधी विचारा.

पॅकिंग उत्तम. लाकडी चौकोनी खोक्यात फोम, फोममधे बॉलच्या मापाचा खळगा, बॉलभोवती पांढरा टिश्यू पेपर, बबल रॅप थेट बॉलला लावलेलं नव्हतं. हे महत्त्वाचं आहे, जुन्या रंगाला प्लास्टिक चिकटू शकतं. पोचायला चार दिवस लागले, ते जरा जास्त वाटलं, आणि ट्रॅकिंग नंबर मला दोनदा मागावा लागला. पोस्टाबद्दल तेवढीच तक्रार.

घरी आल्यावर मी जे जे तपासलं ते सांगते. आधी वजन. तो २७ आकडा म्हणजे पेनीवेट, जुनं सोनारी माप, एक पेनीवेट म्हणजे साधारण १.५५५ ग्रॅम, तर २७ चे होतात जवळजवळ ४२ ग्रॅम. माझ्या किचनच्या काट्यावर नाही, खास आणलेल्या छोट्या काट्यावर भरले ४१.३. रंग निम्मा गेलाय, मार खाऊन कडा झिजल्यात, म्हणजे बरोबर बसतं. आकड्यापेक्षा वजन जास्त भरलं असतं तर मी काळजीत पडले असते. आजच्या बॉलला ४५.९३ ग्रॅमची वरची मर्यादा आहे, हातात दोन्ही धरले की जुना हलका आहे हे लगेच कळतं. मग कॅलिपरने माप, एका बाजूने ४२.९ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूने ४३.४, म्हणजे नीट गोल नाही, आणि मला ते आवडलं. मग भिंग, क्लबचे घाव रंगावर आहेत, घावाच्या आत कच्चं चॉकलेटी अंग दिसतं, त्या अंगालाही काळवंडलेली जुनी झाक आहे. मग अंधारात यूव्ही, सगळा बॉल सारखाच मंद, कुठे निळा डाग नाही.

वजनाची नोंद, तारखेसकट फोटो, लिलावाची पावती, कंडिशन रिपोर्ट आणि त्यांच्याशी झालेली ईमेल, सगळं छापून एका पाकिटात बॉलबरोबर ठेवलंय. या बॉलचा मागचा इतिहास काहीच मिळाला नाही, आधी कोणाकडे होता, कुठल्या मैदानावरचा, काही नाही. इथे मी एक स्टार कापते. लिलाववाल्यांनी विक्रेत्याला विचारलं तरी का, असा प्रश्न मी केला होता, त्याचं उत्तर आलं नाही.

शिक्क्याबद्दल बोलायला हवं, कारण सगळे आधी तेच विचारतात. फोर्गन, टी. मॉरिस, अॅलन (हा रॉबर्टसनचा शिक्का) अशी नावं ठसठशीत उमटलेली असतील तर किंमत दुप्पट तिप्पट सोडा, त्याहूनही वर जाते. माझं मत लोकांना पटत नाही पण मी ठाम आहे, पाचशे पौंडांत नाव असलेला पण घासलेला रंगवलेला बॉल आणि नाव नसलेला पण कोणी हात न लावलेला बॉल यात मी दुसराच घेईन, दरवेळी. नाव एका माणसाचं असतं, पण ते ठोकलेलं अंग म्हणजे त्याचा हात आहे. आणि नाव नंतरही उमटवता येतं, जुन्या घावांचं ते थर साचत गेलेलं अंग नंतर करता येत नाही, निदान मला तरी असं कोणी केलेलं अजून दिसलेलं नाही.

ठेवायचं कसं. गट्टा पर्चाला उजेड आणि हवा सोसत नाही, वर्षानुवर्षं उघड्यावर राहिला की तो ठिसूळ होऊन तडकतो. समुद्राच्या तळाशी, गार अंधारात त्याच पदार्थाच्या केबली वर्षानुवर्षं टिकल्या यावरून काय ते समजा. मी खोक्यात, आम्लरहित टिश्यूमधे, कपाटाच्या आतल्या भागात ठेवते, रेडिएटरपासून लांब. खिडकीत, दिव्याखाली, गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात नको, साठेक अंशाला हा पदार्थ मऊ व्हायला लागतो. गरम पाण्यात बुडवून खरा आहे का बघू असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, एकदा मऊ झाला की हातोडीच्या रेषा पुसल्या समजा. धुवायचा नाही, पुसायचा नाही, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली तेवढं बास. आणि जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं, त्यामुळे हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. माझ्या भाचीने मागितला तर मी तिच्यासमोर धरून फिरवून दाखवला, तिला रेषा मोजायच्या होत्या, त्र्याण्णवपर्यंत मोजल्या आणि मग चुकली.

हाताने केलेल्या नवीन फेदरीबद्दलही दोन ओळी, कारण मी एक घेतलाय. आजही काही कारागीर जुन्या पद्धतीने चामडं शिवून पिसं भरून बॉल करतात, नवीन म्हणूनच विकतात. मला तो फार आवडला, प्रामाणिक वस्तू आहे, टाके कसे आत जातात ते हातात घेऊन बघता येतं आणि जुन्यावर बोली लावायच्या आधी डोळा तयार होतो. फक्त तो काळवंडून, चहाच्या पाण्यात घालून जुना म्हणून कोणी विकत असेल तर दोऱ्याकडे बघा, यूव्हीखाली दोरा पांढरानिळा चमकला तर तिथेच थांबा.

कोणी घ्यावा? तुम्हाला गोल्फ आवडतो म्हणून घेऊ नका, गोल्फची आवड असेल तर त्या पैशात दोन चार राउंड खेळून या, जास्त आनंद मिळेल. हाताने केलेल्या कामाकडे बघत बसायला आवडत असेल, भिंग घेऊन एक तास कुठे गेला कळत नसेल, तर घ्या. गुंतवणूक म्हणून मी काहीच सांगणार नाही, माझा बॉल मी विकणार नाहीये. बर्फात दिसावा म्हणून लाल रंगवलेलेही बॉल असायचे, तसा एक मिळाला तर मात्र बजेट वाढवेन हे खरं.

रेटिंग द्यायचं तर बॉलला ५ पैकी ५, लिलावाच्या सर्व्हिसला ५ पैकी ४, आणि फीच्या बाबतीत ३, कारण प्रीमियमचा आकडा त्यांच्या साइटवर शोधायला मला तीन पानं खाली जावं लागलं, तो विकायच्या प्रत्येक वस्तूच्या शेजारी असायला हवा.

पुढच्या महिन्यात त्यांच्याच लिलावात एक फुटका गट्टी आहे, अर्धा, एस्टिमेट ३० ते ५० पौंड. थंडीत हे बॉल खेळताना फुटायचे आणि त्यावेळच्या नियमात होतं की सगळ्यात मोठा तुकडा जिथे पडला असेल तिथे नवा बॉल टाकून खेळायचं. मला आतलं अंग बघायचंय, कारागिराने चीक कसा वळलाय ते फुटलेल्या बाजूनेच दिसेल. प्रीमियम धरून साठपर्यंत जायचं ठरवलंय आणि वजन किती ते विचारून ठेवलंय, म्हणजे हा मोठा तुकडा की लहान ते कळेल.